वाटणीत न आलेली गाडी

आमच्या घरची वाटणी २०१३ साली झाली. मार्केट यार्डातील अडतीचे दुकान, गावातील जुने घर, नदीकाठची पाच एकर जमीन, आईचे दागिने, इतकेच काय पण माजघरातील पितळी हंडेसुद्धा कागदावर आले. वडीलधाऱ्यांनी मध्ये बसून सारे नीट मांडले आणि दोघांनीही सह्या केल्या. एक वस्तू मात्र कोणाच्याच यादीत लिहिली गेली नाही. ती म्हणजे अण्णांची १९७४ सालची ३५० सीसीची बुलेट. ती मागावी असे दादाला वाटले नाही, मलाही नाही. गोदामाच्या कोपऱ्यात, हळदीच्या रिकाम्या पोत्यांच्या आड ती उभी राहिली, आणि तशीच अकरा वर्षे राहिली.

आम्हां भावांत भांडण म्हणावे असे काही झाले नव्हते. आवाज चढला नाही, कोणी कोर्टाची पायरी चढले नाही. बोलणे मात्र हळूहळू आटले. तो सांगलीत, मी जयसिंगपुरात. मध्ये अंतर अर्ध्या तासाचे. तरी भेट व्हायची ती लग्नात, बारशाला किंवा कोणाच्या तरी दिवसांना. मुलांचे बरे आहे ना, पाऊस कसा आहे, एवढ्यावर संभाषण संपे. ज्या घरांत वाटण्या झाल्या आहेत, त्यांना हे अधिक सांगावे लागू नये.

२०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी गाडीला किंमत सांगितली. अट एकच होती, गाडी चालू स्थितीत हवी. आरसी बुक अजून अण्णांच्या नावावर असल्याने विकायची तरी दोघांची संमती आवश्यक होती. दादाने फोन केला. "रविवारी येतोस का? एकट्याच्याने होणार नाही." गावात मिस्त्री नव्हते असे नाही. पण हल्लीचा मिस्त्री जुना कार्ब्युरेटर पाहिला की तो उघडत नाही, सरळ नवा बसवतो. आणि अण्णांनी पस्तीस वर्षे निगुतीने सांभाळलेली वस्तू भंगारात टाकणे दादाला मान्य नव्हते. मलाही ते पटले.

गाडी अंगणात ओढली तेव्हा सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले दिसले. ते रिकामे आहे याची खात्री होईपर्यंत दादाने हात लावू दिला नाही. मग काम सुरू झाले. अण्णांचा दंडक असा, की गाडी चालू होत नसेल तर कार्ब्युरेटरला शेवटी हात लावायचा. बहुतेक जण उलटे करतात. ठिणगीचा दोष असतो आणि निष्पाप कार्ब्युरेटर दहा वेळा उघडला जातो. म्हणून आधी प्लग काढून ठिणगी पाहिली. ती पिवळट आणि मलूल होती. कॉन्टॅक्ट पॉइंट काळवंडले होते. ते बारीक पॉलिश पेपरने घासून त्यांतील फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या दरम्यान आणली, तेव्हा निळी, कडकडीत ठिणगी पडू लागली. नंतर टाकी धुतली. कॉकमधून गंजाचा लाल गाळ निघाला. पहिला रविवार एवढ्यातच गेला. आमच्याकडे दिवस मावळण्यापूर्वी जेवणे होतात, त्यामुळे वहिनींची हाक आली की पाना जिथे असेल तिथे खाली.

दुसऱ्या रविवारी कार्ब्युरेटर उतरवला. या गाडीला मिकार्ब व्हीएम-२४ जातीचा कार्ब्युरेटर आहे. ज्यांनी तो कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, त्यामुळे ही सवय जात नाही. इंजिन श्वास घेते तेव्हा हवा एका अरुंद गळ्यातून वेगाने जाते. वेग वाढला की तेथील दाब कमी होतो. इटलीचे जिओव्हान्नी बात्तिस्ता व्हेंचुरी यांच्या नावाने हा परिणाम आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रांतून वर खेचले जाते आणि तुषार होऊन हवेत मिसळते. वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल, हे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण. वाटीतील पातळी फ्लोट राखतो. इंजिन मंद चालत असताना पेट्रोल पायलट जेटमधून येते, मधल्या टप्प्यात निमुळती सुई ते ठरवते आणि अॅक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावर मेन जेट. या विभागणीमुळेच दोष शोधणे सोपे होते. गाडी कोणत्या टप्प्यावर रुसते ते पाहावे, म्हणजे कोणत्या भागाकडे वळायचे ते कळते.

वाटी उघडली आणि दोघेही क्षणभर गप्प झालो. अकरा वर्षांपूर्वीचे पेट्रोल आटून तळाशी लाखेसारखा तपकिरी थर जमला होता. पाण्याच्या अंशाने धातूवर पांढरी भुकटी धरली होती. फ्लोटची सुई आपल्या जागी चिकटून बसली होती. पायलट जेट उजेडासमोर धरला; पलीकडचे काहीही दिसेना. याचे छिद्र इतके बारीक, की शिवणयंत्राचा दोराही जेमतेम जाईल. येथे घाई करणारे लोक तार घालतात. पितळ मऊ असते. तारेने छिद्र रुंदावते आणि मग जन्मभर गाडी जास्त पेट्रोल पिते. आम्ही सारे पितळी भाग कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजत ठेवले आणि मग दात घासण्याच्या नव्या ब्रशचा एक नायलॉनचा तंतू उपटून तेवढाच छिद्रातून फिरवला. रबरी वायसर, गॅसकेट नवे घेतले.

भिजवण्याचे काम वेळखाऊ असते आणि तेवढा वेळ दोन माणसांनी समोरासमोर बसायचे असते. हात रिकामे, डोळे वाटीकडे. आंबोलीच्या घाटाची आठवण दादानेच काढली. १९८६ साली आम्ही दोघे याच गाडीवर गोव्याला निघालो होतो. ऐन श्रावणातील पाऊस, धुके, आणि घाटात गाडी आचके देऊन बंद. दादाने भर पावसात माझ्या छत्रीखाली वाटी उतरवली होती. पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे टपोरे मणी घरंगळत होते. ते ओतून, वाटी पुसून पुन्हा बसवली आणि दोन किकमध्ये गाडी चालू झाली. "तेव्हा छत्री तू गाडीवर धरली होतीस, माझ्यावर नाही," दादा म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते आणि अण्णांना ते योग्यच वाटले असते.

मग बराच वेळ तो बोलला नाही. नंतर जेट पुसता पुसता, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "दुकान माझ्याकडे ठेवायचे ठरले, तेव्हा तू एक शब्द बोलला नाहीस. मला वाटले, मनात धरलेस."

"मला मास्तरकीच करायची होती दादा. दुकान तुझेच होते. त्यात बोलण्यासारखे काही नव्हते."

त्याने जेट उजेडासमोर धरला. छिद्रातून सुईच्या टोकाएवढा स्वच्छ, गोल उजेड दिसत होता. "हे बघ, झाले साफ," एवढेच तो म्हणाला आणि जेट माझ्या हातात दिला.

तिसऱ्या रविवारी सारे जोडले. हवेचा स्क्रू हलकेच पूर्ण आत नेऊन दीड आटा मागे घेतला. बुलेटला किक मारणे हे ज्ञानाचे काम आहे, बळाचे नाही. अॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक सावकाश दाबायची, डीकॉम्प्रेशनचा खटका दाबून पिस्टन थोडा पुढे सरकवायचा, आणि मग एकच सलग किक. पाचव्या प्रयत्नात इंजिन पेटले. पण गरम झाल्यावर त्याचा मंद वेग आपोआप चढू लागला, मध्येच पडू लागला. पायलट जेट स्वच्छ असताना असे होते, याचा अर्थ कोठून तरी चोरून हवा शिरत होती. जोडावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारताच इंजिनाची लय बदलली. जागा सापडली.

कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारी पट्टी दोन नटांवर असते. कोणे एके काळी कोणीतरी ते नट गरजेपेक्षा फार आवळले होते आणि पट्टी मधून बाक घेऊन उचलली गेली होती. आरशाच्या जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, त्यावर पट्टी गोल गोल फिरवत सपाट करणे हे तासाभराचे काम. आम्ही ते आळीपाळीने केले. घट्ट आवळले म्हणजे पक्के झाले, हा समज यंत्रांच्या दुनियेत फार नुकसान करतो. पट्टी सपाट झाली, नवे गॅसकेट बसले, नट बेताने आवळले, आणि इंजिन असे चालू लागले की ठोके मोजावेत.

चौथ्या रविवारी गाडी रस्त्यावर काढली आणि बाहुबलीपर्यंत नेली. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. पायांना आठवण होती. दादा चालवत होता, मी मागे. एकसारख्या वेगात असताना त्याने एकदम इंजिन बंद केले आणि आम्ही कडेला थांबून प्लग काढून पाहिला. टोक पांढुरके होते, म्हणजे पेट्रोल कमी पडत होते. याचे कारण आमच्या हातात नव्हते. आता पंपावर मिळते त्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलला जळण्यासाठी वजनाने नऊ पट हवा पुरते. त्यामुळे अण्णांच्या काळी अचूक असलेली मोजणी आता हवेच्या बाजूला झुकते. सुईवर पाच खाचा असतात. क्लिप एक खाच खाली घेतली, की सुई तेवढी वर उचलली जाते आणि पेट्रोल किंचित वाढते. ते तिथेच, रस्त्याकडेच्या चिंचेखाली केले. परतताना पुन्हा पाहिले तेव्हा टोकावर फिकट चॉकलेटी छटा आली होती. दादाने तो प्लग माझ्या नाकासमोर असा धरला, जणू दहावीचा निकालच दाखवत होता.

१ एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसाच झाला. संगणक आता मोजून पेट्रोल देतो. ते चांगलेच आहे. हवेला आणि खिशाला दोन्हींना. आमच्या मुलांना या जुन्या खटाटोपाचे आकर्षण नाही, आणि ते असावे असा माझा आग्रहही नाही.

पुण्याच्या गृहस्थांचा एप्रिलमध्ये पुन्हा फोन आला. दादाने त्यांना स्पष्ट सांगितले, की घरात विचार बदलला आहे, आपण वाट पाहू नये. नंतर वारस म्हणून गाडी दादाच्या नावावर झाली. मी ना-हरकत लिहून दिली. ती एक महिना सांगलीत असते, एक महिना माझ्याकडे. आठवड्याहून अधिक दिवस उभी राहणार असेल तर टाकीचा कॉक बंद करून, वाटीतील पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबेपर्यंत ते चालू ठेवायचे, असा नियम आम्ही केला आहे. परवा पहाटे साडेसहाला दादाचा फोन आला. मला वाटले, कोणाचे काही बरेवाईट झाले की काय. तो म्हणाला, "कॉक बंद केलास ना? आणि ऐक, डाव्या टॅपेटचा आवाज येतोय का बघ. रविवारी फीलर गेज घेऊन येतो."