आज्ञार्थातली आशा

मराठीत माणूस आशा करत नाही. आशा त्याला असते, वाटते, लागते. ‘मला आशा आहे’ या वाक्यातला ‘मला’ चतुर्थीत आहे, ‘मला ताप आहे’ किंवा ‘मला भूक लागली’ या वाक्यांत तो असतो तसाच. म्हणजे बोलणारा इथे कर्ता नाही, त्याच्यावर काहीतरी येऊन बसले आहे. ‘मी आशा करतो की’ ही रचना पत्रांतून आणि भाषणांतून आता रुळली असली, तरी ती इंग्रजी-हिंदीच्या वळणाची आहे. शब्दाभोवतीचे वाक्प्रचार पाहिले तर मराठीने या भावनेवर फारसा विश्वास टाकलेला दिसत नाही. आशेला लावणे म्हणजे झुलवत ठेवणे. आशाळभूत असे स्वतःला कोणी म्हणवून घेत नाही. गीतेच्या सोळाव्या अध्यायात तर आसुरी वृत्तीचा माणूस शेकडो आशापाशांनी बांधलेला आहे, आणि आपल्या संतवाङ्मयातही आशा बहुधा तोडायचीच गोष्ट असते. मग प्रश्न पडतो, की ज्या भाषेने आशेच्या शब्दाकडे असे संशयाने पाहिले, ती बोलणारी माणसे उद्याबद्दल बोलतात तरी कशी? भाषेचा अभ्यासक म्हणून माझे उत्तर असे, की निदान मालवणच्या किनाऱ्यावर त्यांनी आशा नामातून काढली आणि आज्ञार्थी क्रियापदात नेऊन ठेवली. त्या रूपाचे नाव गाऱ्हाणे.

घाटावरच्या वाचकाला गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. सिंधुदुर्गात गाऱ्हाणे ‘घालतात’, आणि ते देवासमोर घालतात. घराचा पाया असो, लग्न असो, तरव्याची पेरणी असो, नवी होडी असो, नाटकाचा पहिला प्रयोग असो, जमलेल्यांपैकी एक वडीलधारा किंवा मानकरी पुढे होतो आणि बोलू लागतो. त्याच्या बोलण्याचा साचा साधारण असा असतो : ‘बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान घराचो पायो घातलो हा, तेच्या कामात काय इडापीडा येत असात, तर ती दूर कर रे म्हाराजा!’ आणि मागून सगळे एका आवाजात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ या एका वाक्यात ‘आशा’ हा शब्द कुठेच नाही. ‘होवो’, ‘मिळो’ अशी तृतीयपुरुषी इच्छाही नाही. ‘कर’ हा सरळ आज्ञार्थ आहे, एकवचनी. ज्याला महाराज म्हटले त्यालाच ‘रे’ म्हणण्याची मुभा या भाषेत आहे. मागणी मोघम नाही, काम कोणते आणि कोणाचे ते आधी सांगितलेले असते. आणि सर्वांत महत्त्वाचे, मागणारा एकटा नाही. ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने त्या मागणीवर जणू सही केलेली असते. ज्याचे घर बांधायचे आहे तो स्वतः बहुतेक वेळा एक शब्दही बोलत नाही. त्याची आशा त्याच्या वतीने गाव बोलून दाखवतो.

गाऱ्हाणे आणि त्याच्या सोबतीचे शब्द आले कुठून ते पाहिले की साऱ्या व्यवहाराचे रूप उघड होते. गाऱ्हाणे हा रयतेने राज्यकर्त्यापुढे मांडायचा प्रकार. कौल हा मूळ अरबी शब्द, अर्थ वचन. मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या रयतेला सारासवलतीचे लेखी अभयपत्र मिळे, तो कौलनामा. आज कोकणात देवाच्या पाषाणावर ओले तांदूळ किंवा फुलांच्या कळ्या लावून जे उत्तर मागतात, तोही कौलच, आणि उजवा कौल म्हणजे होकार. हुकूम आणि मान हेही राजदरबारचेच शब्द. नवस ‘फेडतात’, कर्ज फेडावे तसा. मालवण तालुक्यातल्या मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते. देवीचा कौल घेऊन ती दरवर्षी ठरते, आणि ती जाहीर झाल्यावर मुंबईचे चाकरमानी रजा आणि गाडीच्या तिकिटामागे लागतात. जत्रेला लोटणाऱ्या लाखोंमध्ये नवस बोलायला आलेल्यांइतकेच फेडायला आलेले असतात. अर्ज, सुनावणी, वचन, परतफेड अशी ही सगळी भाषा कचेरीची आहे. मनात जपायची भावना असा आशेचा अर्थ इथे उरतच नाही. ती दाखल करायची बाब होते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : ही शेवटी दैववादी माणसाची लाचारी, देवावर हवाला टाकून मोकळे होणे. मला तो पटत नाही, कारण गाऱ्हाणे कामाऐवजी घालत नाहीत, कामाच्या आरंभी घालतात. पाया खणून झालेला असतो, जाळे विणून तयार असते. शिवाय ज्यांना देवापुढे असे मागायची सवय आहे, ते सरकारपुढे गप्प बसलेले दिसत नाहीत. पर्ससीन जाळ्यांनी मासळी उपसून नेली तेव्हा मालवणचे किनाऱ्यावरून जाळे ओढणारे रापणकर आणि छोटे मच्छीमार वर्षानुवर्षे निवेदने देत, मोर्चे काढत राहिले. 2016च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, पुढच्याच वर्षी केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली, आणि अंमलबजावणीसाठी निवेदने अजून चालूच आहेत. त्या निवेदनांचा घाट ओळखीचा आहे : आम्ही कोण, आमचे काम काय, अडथळा कोणता, तो दूर करा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करणारा आणि मत्स्य विभागाच्या दारात उभा राहणारा माणूस एकच आहे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. देवळातले गाऱ्हाणे घालायचा मान ठरावीक घराण्यांकडे असतो. मानपानावरून गावे कोर्टापर्यंत गेली आहेत. बायकांचा आवाज तिथे पुढे क्वचितच येतो. गावाच्या आशेचा उच्चार कोणी करायचा हे जन्माने ठरत असेल, तर ‘सगळ्यांची’ म्हटलेली मागणी सगळ्यांची नसते. हे दडवून गाऱ्हाण्याचे कौतुक करणे अप्रामाणिक ठरेल. पण दोष मक्तेदारीत आहे, साच्यात नाही. घरच्या कार्यात हाच साचा कोणीही वापरू शकतो, आणि जिथे तो मोकळा होतो तिथे त्याचे बळ कमी झालेले दिसत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा काळजीची. 1980 साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने आणि मच्छिंद्र कांबळींच्या आवाजाने मालवणी बोली महाराष्ट्रभर नेली, त्याबद्दल या बोलीने त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. मात्र कोकणाबाहेर त्यानंतर गाऱ्हाणे म्हणजे हशा मिळवणारा नमुना अशीच ओळख पक्की झाली, आणि प्रचारसभांतही ते टाळ्यांसाठी घातले जाऊ लागले. खरे गाऱ्हाणे मात्र गावागावाला वेगळे असते. आरवलीत वेतोबाचे नाव आधी येईल, कुठे रवळनाथाचे, कुठे सातेरीचे. सीमेवरच्या देवतांचा क्रम, वाड्यांची नावे, मागण्यांचे तपशील सगळे बदलते. हा गावाचा तोंडी दस्तऐवज आहे आणि तो घालणारी पिढी आता म्हातारी झाली आहे. यंदा जत्रेला किंवा दहीकाल्याला गावी जाल, तेव्हा गाऱ्हाणे घालणाऱ्याची परवानगी घेऊन ते मोबाईलवर पूर्ण ध्वनिमुद्रित करा, आणि गाव, दिवस, निमित्त व मागणी काय होती हे सोबत लिहून ठेवा.