वारा कोणीकडचा?

माझी पाच वर्षांची नात एकदा म्हणाली, "आजोबा, वारा दिसत नाही, मग तो आहे कशावरून?" मी तिला अंगणात नेले आणि मूठभर भुसा वरून सोडला. भुसा उगवतीकडे उडाला. "म्हणजे वारा मावळतीकडून आला!" ती आपणहून म्हणाली.

आमच्या लहानपणी हे खळ्यावर कळायचे. वडील आधी मातीची चिमूट सोडून पाहत, मग वावडीवर चढून पाटीतली रास वाऱ्यावर देत. जड ज्वारी पायाशी पडे, हलके भुसकट लांब जाई. आम्ही पोरे नेमकी भुशाच्या बाजूला उभी राहून डोळे चोळत घरी यायचो. दुसऱ्या दिवशी जागा बदलायचो. आता मळणीयंत्र आले. कष्ट वाचले हे बरेच झाले, पण लेकरांची ती शाळा मोडली.

ती घरी पुन्हा भरवता येते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पाने, बिया, खडे हीच शिकण्याची साधने केली. तसेच आपणही करावे. ज्वारीच्या धाटाला बाभळीच्या काट्याने पानाचे भिरभिरे टोचून द्या. लेकरू ते घेऊन पळेल, थांबेल. वारा नसतानाही पळाले की ते का फिरते, हे त्यालाच विचारा. बोट ओले करून वर धरायला सांगा. ज्या बाजूने गार लागेल तिकडून वारा. एक ओले फडके वाऱ्यात आणि एक आडोशाला टाका; आधी कोणते वाळते ते पाहू द्या. रुईचे वाळून उकललेले बोंड आणून म्हाताऱ्या उडवा. झाड आपले बी दूर कसे पेरते ते दिसेल. मात्र हिरव्या रुईचा चीक डोळ्यांना घातक, तो मोठ्यांनीही हाताळू नये.

हा नुसता खेळ नव्हे. वडिलांची ती चिमूट मी एकदा विसरलो. बांधावरचे गवत पेटवताना वारा पाहिला नाही आणि वर्षाच्या कडब्याची गंज डोळ्यांदेखत गेली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती; पण वाऱ्याकडे तोंड करून फवारले तर औषध आपल्याच अंगावर येते, एवढे तर खरेच. आणि आमचे तेरखेडा फटाक्यांचे गाव! ठिणगी कोणीकडे जाईल, हे इथल्या लेकराला कळलेच पाहिजे.

आता दिवाळीत फटाका लावण्याआधी नात मातीची चिमूट सोडते आणि आम्हाला म्हणते, "तिकडे नका, इकडे उभे राहा." आम्ही सगळे मुकाट्याने बाजू बदलतो. तुमच्याही अंगणात आज एक मूठ भुसा उडू द्या.