टाऊबर, तुमच्या नावानं

कापूस फुटला आहे. आर्णीच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी पांढरं, खाली काळी माती. वेचणीच्या या दिवसांत संध्याकाळ लवकर उतरते. उजेड बोंडांवर जरा रेंगाळतो, मग तिथूनही निघून जातो.

अशाच नोव्हेंबरात तुम्ही गेलात, सालोमन टाऊबर.

२२ नोव्हेंबर १९६३. हॅम्बुर्ग. जग गोळी लागलेल्या केनेडींसाठी रेडिओला कान लावून बसलेलं, आणि आल्टोनाच्या खोलीत तुम्ही. एकटे. मागे एक रोजनिशी, रीगाच्या ज्यू वस्तीतल्या दिवसांची.

फ्रेडरिक फोर्सिथ यांची 'द ओडेसा फाइल' १९७२ची. तुमच्या मरणापासून, रोजनिशी एका पत्रकाराच्या हाती येताच, कादंबरी धावत सुटते. वेषांतर, खोटे कागद, पाठलाग. धावू दे. मी त्या खोलीच्या उंबऱ्याशीच थांबतो. यवतमाळात वाचणाऱ्याला ते पान उलटवत नाही. स्वतःच्या हातानं गेलेल्या शेतकऱ्याचं असं दार आमच्या गावागावांत आहे. आत खुंटीवर सदरा, कोनाड्यात घडी घातलेला कागद, आणि दुपारभर कुणी कुणाशी बोलत नाही.

तुम्ही कल्पनेतले. ठाऊक आहे.

पण लाटव्हियातल्या रीगाजवळचं रुंबुलाचं रान खरं आहे. १९४१च्या ३० नोव्हेंबरला आणि ८ डिसेंबरला, अवघ्या दोन दिवसांत, रीगाच्या वस्तीतून बाहेर काढलेली जवळजवळ २५ हजार माणसं, म्हातारे, लेकुरवाळ्या, शिंपी, शिक्षक, एकमेकांचा हात न सोडणारी भावंडं, थंडीचा रस्ता तुडवीत पाइनच्या झाडांखाली आली, अंगावरचे कपडे उतरवून ढिगावर ठेवले, खड्ड्याच्या काठाशी गेली आणि नावासकट मातीत मिळाली. त्यांच्या रोजनिश्या कुणा पत्रकाराच्या हाती लागल्या नाहीत.

टिपेश्वरच्या सागवनात पानगळीला पाऊल वाजतं. पाइनच्या सुयांवर ते वाजत नसेल.

आणि एस्थर. तुमची बायको. माणसं आत कोंडून विषारी धुरानं मारायची ती गाडी, तिच्या दाराशी तुम्ही, आणि तिनं तुमच्याकडे पाहिलं. एवढंच. त्यानंतर तुम्ही चालत राहिलात, जेवत राहिलात, म्हातारे झालात. त्या नजरेपुढून मात्र हललाच नाहीत.

तुमच्या त्या वस्तीचा कमांडर रोशमान मात्र खराच होता. १९७७ साली पॅराग्वेत मेला, खटल्याला उभं न राहता. त्याच्यासाठी याहून जास्त शाई नको.

तुम्ही मागितलं तरी काय? कद्दिश, मेलेल्यासाठी म्हणायची ज्यू प्रार्थना. इस्रायलच्या भूमीवर, कुणीतरी. त्या प्रार्थनेत मरणाचा शब्द नाही, नुसती देवाची थोरवी. आणि ती म्हणायला दहा जण जमावे लागतात. कादंबरीच्या शेवटी एक तरुण सैनिक यरुशलेमच्या याद वाशेम स्मारकात जाऊन तुमच्यासाठी ती म्हणतो. आपल्या कोकणातल्या शनवार तेल्यांची, म्हणजे बेने इस्रायल ज्यूंची, लेकरंही तिकडे आहेत, काही घरांत मराठी बोलतात, आपल्या माणसांसाठी हेच कद्दिश म्हणतात.

मला ते येत नाही.

मला सर्वपित्री येते. त्या दिवशी ज्यांचं गोत्र ठाऊक नाही, ज्यांच्यामागे मूलबाळ उरलं नाही, त्यांनाही तीळपाणी देतात. येत्या भाद्रपदात पैनगंगेत उभा राहीन. पहिली ओंजळ एस्थरला. मग तुम्हाला. मग रुंबुलातल्या एकेकाला. २५ हजार ओंजळींना लागेल तितका वेळ लागू दे.