गाडीतलं पाणी आणि शिट्टी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाहुणे, मग निव्वळ आळस. परवा भाचेसुनेचा फोन आला. "मामा, आमच्या गाडीत पाणी येतंय. तुमच्या गाडीचं मागे काय झालं होतं हो?" नवरा चाकणला गाड्यांच्या कारखान्यात, आणि गाडी गळते तर विचारते मामेसासऱ्यांना! म्हटलं, फोनवर किती सांगणार, लिहूनच टाकतो. शिवाय त्यातला एक भाग फोनवर सांगण्यासारखा नाही.

२०२४ च्या जुलैतली गोष्ट. आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, चढाच्या बोळात. आवारात जागा नाही, म्हणून गाडी बोळातच चिंचेखाली उभी असते, तोंड चढाकडे करून. (चढ, चिंच आणि तोंड, तिन्ही लक्षात ठेवा. परीक्षेला येणार आहेत.) गाडी २०१४ ची, लहानशी. एक दिवस दवाखान्यात जायला निघालो तर गाडीत ओल्या गोणपाटाचा वास. सौ. मागे डावीकडे बसल्या आणि लगेच म्हणाल्या, "अहो, पायाखाली पाणी आहे." पायपुसणं उचललं तर खालचा गालिचा पिळून काढावा इतका ओला.

त्या वेळी बोळातल्या पाच गाड्या एक मुलगा धूत-पुसत असे. अकरावीला होता, सकाळी कॉलेजच्या आधी यायचा. आठवड्यातून एकदा आतून झाडायला किल्ली न्यायचा. मी वर्गात तेहतीस वर्षं काढलेला माणूस. बाक ओला दिसला की त्यावर बसलेल्या पोराचा कान धरायचा, ही सवय हाडात भिनलेली. त्याला बोलावून विचारलं, "काच उघडी ठेवून पाणी मारतोस ना?" तो म्हणाला, "नाही सर, काचा वर करून बघतो आणि मगच मारतो." मी म्हटलं, "खोटं बोलू नकोस." आणि उद्यापासून येऊ नकोस असंही सांगितलं. शेजारच्या दोन घरांनी कारण विचारलं, त्यांनाही सांगितलं. सरांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार! त्यांनीही त्याला बंद केलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. काच बोटभर उघडी राहिली तरी पाऊस आत जायला नको म्हणून मी चारही खिडक्यांवर ते प्लॅस्टिकचे व्हायझर चिकटवून घेतले. गालिचा वाळवला. ऑगस्टात पुन्हा तीच जागा ओली. आता तर मुलगा नव्हता, काचा बंद, वर व्हायझर. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. जुनीच ओल वर येत असेल, अशी समजूत करून घेतली. माणूस स्वतःचं खरं करायला किती लांब जातो, बघा.

त्याच महिन्यात पुण्याला लेकीकडे निघालो. खंबाटकी ओलांडून गाडीने वेग घेतला आणि कानात बारीक शिट्टी सुरू झाली. मला श्रवणयंत्र आहे. ते नीट बसलं नाही की शिट्टी मारतं, म्हणून मी ते काढून खिशात ठेवलं. शिट्टी बंद! झालं, यंत्रच बिघडलं. सौ. म्हणाल्या, "अहो, तुम्ही बहिरे झालात म्हणून बंद झाली. मला ऐकू येतेच आहे." पुण्यात लेक म्हणाली, "बाबा, विकून टाका आता." तिच्या आग्रहाने एका मोठ्या वर्कशॉपात दाखवली. त्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला : पुढची काच काढून नवीन सीलंटने बसवावी लागेल, अठरा हजार. मी म्हटलं विचार करून सांगतो. पेन्शनरचं ठरलेलं वाक्य.

साताऱ्यात आमच्या शेजारी आबा राहतात. एसटीच्या कार्यशाळेत बॉडीच्या कामावर त्यांची उभी नोकरी झाली. कोकणात जाणाऱ्या गाड्यांच्या खिडक्या आणि छपरं गळायची थांबवणं हाच धंदा. (एसटीच्या खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राची घडी कोंबून प्रवास केला नाही असा माणूस आपल्या पिढीत सापडायचा नाही.) त्यांना इतके दिवस विचारलं नव्हतं, कारण ते बसचे आणि आपली कार. हाही एक शहाणपणा!

आबांनी आधी गाडीला हात लावला नाही. नुसते प्रश्न. पाऊस नसताना ओलं होतं का? एसी लावल्यावर होतं का? पाणी स्वच्छ की गढूळ? चिकट लागतं का, गोडसर वास येतो का? मला वाटलं हे काय वैद्यबुवांसारखं. पण त्याला अर्थ होता. एसीचं पाणी स्वच्छ असतं, ते एका नळीने गाडीखाली पडतं. नळी तुंबली की तेच पाणी आत पायाशी येतं, मग बाहेर कडक ऊन असलं तरी. चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते इंजिन थंड ठेवणारं कूलंट, हीटरमधून झिरपणारं. आमचं पाणी पावसानंतरच यायचं आणि गढूळ असायचं. म्हणजे बाहेरचं.

मग ते एक वाक्य बोलले. "सर, पाणी दिसतंय तिथनं येत नसतंय."

मला दाखवायला त्यांनी एक तांब्या पाणी दाराच्या काचेवर ओतलं. बरंचसं पाणी काच आणि रबराच्या मधून सरळ दारात शिरलं! मी ओरडलोच, "हे बघा, इथूनच!" आबा हसले आणि दाराच्या खालच्या कडेकडे बोट दाखवलं. तिथे बारीक भोकं आहेत, त्यातून पाणी रस्त्यावर पडत होतं. गाडीच्या दारात पाणी शिरतंच, शिरायचंच असतं. ते खोलीत येऊ नये म्हणून दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो आणि खाली वाट ठेवलेली असते. आबांच्या भाषेत, दार म्हणजे छत्री नव्हं, पन्हळ. मी दहा वर्षं गाडी वापरत होतो, मला वाटायचं गाडी म्हणजे बंद डबा.

पुढची तपासणी अशी. आत मी, हातात बॅटरी, पायपुसणी सगळी काढलेली. बाहेर आबा, बागेची नळी, पाणी अगदी हळू. सुरुवात खालून. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. आधी दाराचा उंबरा, मग दाराची कड, मग काच, मग मागचे दिवे (डिकीत पाणी येतं त्यात दिव्यांमागच्या रबराचा हात पुष्कळदा असतो). प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. घाई करायची नाही. अर्धा तास मी मागच्या डाव्या कोपऱ्यात बॅटरी मारून बसलो होतो. काही नाही.

शेवटी त्यांनी नळी वायपरच्या खालच्या काळ्या जाळीवर धरली. थोड्या वेळाने "टप्" असा आवाज आला. मागे नाही, पुढे. डावीकडच्या सीटसमोर कागदपत्रांचा कप्पा असतो, त्याच्या खालून थेंब पडत होते, नंतर धार लागली. पाणी गालिच्याच्या कडेने आत गेलं आणि दिसेनासं झालं. गालिच्याखाली जाड फोम असतो. गाडीचं तोंड चढाकडे, त्यामुळे पाणी फोममधून उताराने मागे जात होतं आणि मागच्या खोलगट जागेत साचत होतं. पुढचा गालिचा वरून कोरडा ठणठणीत!

त्या काळ्या जाळीखाली एक पन्हळ असते. काचेवरचं पाणी तिच्यात उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून पुढच्या चाकांमागे खाली जातं. आत येणारी ताजी हवाही तिथूनच घेतात आणि आपल्याकडे हवेचं ते तोंड बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला असतं. आमचं डावं भोक बुजलं होतं, पन्हळ तुडुंब भरली की पाणी हवेच्या वाटेने आत. आबांनी जाळी काढली आणि बोटांनी दोन वाट्या भरून काळा चिखल बाहेर काढला. चिंचेचा पाला! इतका बारीक की जाळीतून आरामात आत जातो. भोक मोकळं झाल्यावर चाकामागे भसकन पाणी पडलं. खर्च शून्य. पुढच्या काचेला काहीही झालेलं नव्हतं.

वाळवायला मात्र चार दिवस गेले. सीट काढून फोम उचलावा लागला. सीटखाली पिवळ्या रंगाची वायर असते, ती एअरबॅगची; तिला आबांनी मला हात लावू दिला नाही आणि स्वतः आधी बॅटरीची तार सोडवली. तुम्हीही जपा.

राहिली शिट्टी. आबांनी दहाची नोट दारात धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. घट्ट आली तर बीडिंग ठीक, सहज सुटली तर तिथे फट. चारही दारं पास. मग त्यांनी व्हायझरच्या कडांवर मास्किंग टेप लावली आणि आम्ही वाढे फाट्यावरून हायवेला लागलो. ऐंशीच्या पुढे गेलो तरी शिट्टी नाही. एकेक टेप काढत पुन्हा फेरी. तिसऱ्या फेरीला, पुढचा डावा व्हायझर मोकळा केल्याबरोबर शिट्टी हजर. त्याची कड सुटली होती, वारा त्या फटीवरून बासरीसारखा वाजत होता. भाचा सांगतो, वेग दुप्पट झाला की वाऱ्याच्या आवाजाची शक्ती साधारण साठपट होते, म्हणून गावात कधी ऐकू यायची नाही. व्हायझर मीच लावलेले. कशासाठी लावले, ते वर लिहिलंच आहे.

भाचेसुनेसाठी : तुमच्या गाडीला सनरूफ आहे. त्याच्या चौकटीतही पाणी शिरतंच, कोपऱ्यातल्या नळ्यांमधून खांबांच्या आतून खाली जातं. सनरूफ उघडून चौकटीच्या कोपऱ्यात अर्धा तांब्या पाणी हळूच ओता आणि गाडीखाली पडतं का बघा. नाही पडलं तर नळी तुंबली. आत तार मात्र खुपसू नका, नळी सांध्यातून निसटते.

आता फोनवर न सांगण्यासारखं. मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो नव्हता, आई होती. सगळं सांगितलं, माझी चूक झाली म्हणालो, आणि तीन घरांचे बुडालेले पैसे पुढे केले. त्यांनी घेतले, मोजले, आणि "बरं" म्हणाल्या. चहा विचारला नाही. बरोबरच आहे. बोळातल्या त्या दोन्ही घरी जाऊन मी सांगितलं की पाणी चिंचेच्या पाल्यामुळे येत होतं, पोराची चूक नव्हती. एकांनी त्याला परत बोलावलं. दुसऱ्यांनी तोवर दुसरा माणूस ठेवला होता.

तो आठ दिवसांनी बोळात भेटला. मी बोलायला लागलो तर "जाऊ द्या सर" म्हणाला आणि समोरची गाडी पुसत राहिला. आमच्या गाडीसाठी विचारलं, तर म्हणाला, सकाळी आता वेळ नसतो. ती मीच पुसतो. रविवारी जाळी उघडून पाला काढतो. व्हायझर काढून टाकले, पण त्यांच्या गोंदाचे डाग काही अजून गेले नाहीत. कुणाला उपाय माहीत असेल तर कळवा.