मेस्त आणि मास्तर

गोव्यातील जुन्या धर्मग्रामांत चर्चला लागून एक लहानशी शाळा असे, आणि तीत एक मेस्त असे. अक्षरे, धर्मशिक्षण आणि स्वर ही त्याची त्रिविध विद्या. ज्या मुलाला अद्याप आपले नाव नीट लिहिता येत नसे, तेही पाच रेघांवरील स्वरचिन्हे वाचू लागे; पुढे कोणाच्या हाती व्हायोलिन येई, कोणी सणाच्या मिस्सेला गायकवृंदात उभा राही, कोणी घरोघरच्या लादिनीला सूर धरी. मेस्ताची छडी प्रसिद्ध होती, हेही सांगून टाकतो. तिची आठवण वडील मंडळी अजून हळहळ न वाटता काढतात, याचे आम्हास नवलच वाटते.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (जन्म 1927) हे अशाच एका मेस्ताचे पुत्र. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पुष्कळ संगीतकारांना चाल सुचे, परंतु ती वाद्यवृंदातील प्रत्येक वादकासाठी कागदावर उतरवणारे हात बहुधा गोव्याचे असत. शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना सेबॅस्टियन डिसोझा करीत. 'अमर अकबर अँथनी' या 1977 सालच्या चित्रपटातील एका गाण्यात अँथनी गोन्साल्विस हे नाव देशभर दुमदुमले. ते गाणे बांधणाऱ्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल हे गोन्साल्विसांकडेच व्हायोलिन शिकलेले होते. अर्थात मेस्ताची बहुतेक मुले मुंबईला वाजवावयास गेली नाहीत. ती शेतात राहिली, बोटीवर गेली. परंतु गात राहिली.

हे सारे एकट्या मेस्ताच्या गुणांवर चालले असे कोणी समजू नये. त्यास चर्चकडून वेतन मिळे, ते तुटपुंजे का असेना. गाणे हे त्याचे कामच असल्यामुळे त्यासाठी वेळ मागावा लागत नसे. आणि त्याने शिकविलेले ऐकावयास वर्षभर सारा गाव येऊन बसे. आमच्या मते ही शेवटची गोष्ट सर्वांत मोठी.

आज गावच्या प्राथमिक शाळेतील शिक्षकास काय मिळते? कागदावर पुष्कळ मिळते. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण आवश्यक मानले. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर स्थानिक कलावंत व कारागीर यांना शाळेत शिकवावयास आणण्याची सूचना आहे. शिक्षकांनाच ही दृष्टी यावी म्हणून दिल्लीत 1979 साली सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याची शाखा हैदराबादेसही आहे. तेथे निरनिराळ्या प्रांतांतील शिक्षक एकत्र राहतात, बाहुल्या करतात, माती मळतात, एकमेकांच्या भाषांतील गाणी शिकतात.

आमच्या गावच्या शाळेतील एक बाई तेथे जाऊन आल्या. येताना त्यांनी उत्साह आणला आणि एक साधा विचार आणला: मुलांना आधी आपल्याच गावचे वाद्य शिकवावे. ते म्हणजे घुमट. भाजलेल्या मातीचे हे मडके दोन तोंडांचे; मोठ्या तोंडावर कातडे ताणलेले, धाकटे उघडे. एका हाताने वाजवीत असता दुसऱ्या तळहाताने ते उघडे तोंड झाकले-सोडले की नाद पालटतो. चवथीच्या आरतीला तेच, आणि मांडो-दुलपोदालाही तेच. त्यावर पूर्वी घोरपडीचे कातडे असे; वन्यप्राण्यांच्या रक्षणाच्या कायद्याने त्यास बंदी आली, व आता बकऱ्याचे चढवितात. 2019 साली गोवा सरकारने या वाद्यास राज्याच्या वारशाचा मान दिला.

बाईंनी वाड्यावरील एका वृद्ध वादकास शाळेत बोलाविले. डिसोझांची आणि गावडे-नाईकांची मुले एकाच घुमटावर ताल धरू लागली. मडके का घुमते, हा विज्ञानाचा धडा झाला. मात्रांचे भाग पाडताना अपूर्णांक सोपे झाले. तिसऱ्या आठवड्यात वरून विचारणा आली की गणिताची तयारी मागे पडते आहे, सबब तास बंद करावा. काही पालकांनीही विचारले, "बाई, हे परीक्षेत येणार काय?"

हा प्रश्न आम्ही क्षुद्र मानीत नाही. ज्याच्या मुलाला उद्या नोकरी शोधावयाची आहे, त्याने तो विचारावाच. परंतु तो विचारताना बाईंचा चेहरा आम्ही पाहिला. बाजू घ्यावयास कोणी उभे राहिले नाही, तर हैदराबादेत शिकलेले सारे महिन्याभरात कपाटात जाते.

म्हणून पालकसभेत आमच्यापैकी सहा-सात जणांनी तीन गोष्टी मागितल्या. शनिवारचा एक तास कोणीही काढून घेऊ नये. वादकबाबांना येण्याजाण्याचा खर्च मिळावा, तो आम्ही पाळीपाळीने देऊ. आणि वर्षातून दोनदा मुलांनी गावापुढे वाजवावे, एकदा चर्चच्या सणाला व एकदा देवळाच्या मंडपात. पहिल्या दोन मागण्यांवर बराच वाद झाला. तिसरीवर मात्र कोणी बोललेच नाही. ज्यांनी परीक्षेचे विचारले होते त्यांतील एक गृहस्थ तर खुर्च्या आपल्या घरच्या देऊ म्हणाले.

गेल्या पावसात एका घुमटाचे कातडे सैल पडले. नवे चढविण्याचा खर्च सभेच्या वहीत खडू आणि केरसुणी यांच्याखालीच लिहिला गेला, आणि कोणी त्याबद्दल प्रश्न केला नाही.