दोन्ही हातांची नाडी

विशीतल्या मुलीची मोठी धमनी अरुंद झाली आहे, असं सांगितलं की घरच्यांचा विश्वास बसत नाही. धमन्या अरुंद होणं म्हणजे पन्नाशी, मधुमेह, तंबाखू आणि कोलेस्टेरॉल, असंच आपण ऐकत आलो आहोत. पण तरुण वयात, त्यातही मुलींमध्ये, ताकायासू आर्टरायटिस नावाचा आजार हेच घडवतो. यात चरबी साचत नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच महाधमनी आणि तिच्या शाखांच्या भिंतींवर उलटते. भिंती सुजतात, जाड होतात आणि रक्ताची वाट आक्रसते.

वाराणसीजवळच्या रामनगरला तपासलेली विणकराच्या घरातली एक मुलगी मला आठवते. कांड्या भरताना डावा हात भरून यायचा. केस विंचरतानाही मध्येच हात खाली घ्यावा लागायचा. मानेची नस दबली असेल म्हणून बरेच महिने गोळ्या झाल्या होत्या. उजव्या मनगटाला नाडी ठणठणीत, डावीकडे बोटं दाबून पाहिलं तरी लागेना. उजव्या दंडात वरचा दाब १६०, डाव्यात जेमतेम ९०. वडील म्हणाले, “मशीन खराब है क्या?” मशीन उत्तम होतं. डाव्या गळपट्टीच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवला, तर प्रत्येक ठोक्याला रक्त घासत गेल्याचा फुत्कार ऐकू आला. डाव्या हाताला रक्त नेणारी सबक्लेव्हियन धमनी अरुंद झाली होती. अनंत चतुर्दशीला सुरू होणारी तिथली रामलीला महिनाभर चालते. ती उरकल्यावर सीटी अँजिओग्राफी करू, असं घरच्यांचं म्हणणं होतं. मी थांबू दिलं नाही.

१९०८ साली मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञाने एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांचं विचित्र जाळं असल्याचं नोंदवलं. अशा रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे इतर डॉक्टरांनी त्याला जोडलं. भारतात पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्याही बऱ्याचदा बाधित होतात. म्हणून कोवळ्या वयातला उच्च रक्तदाब ही आपल्याकडे मोठी खूण आहे. धोका असा की अरुंद धमनीच्या हातात दाब खोटाच कमी दिसतो. तोच हात मोजला, तर खरा वाढलेला दाब लपून राहतो. दोन्ही हातांच्या धमन्या बाधित असतील तर पायाचाच दाब मोजावा लागतो.

अँजिओग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘धमनी ७० टक्के अरुंद’ असं वाचून लोक लगेच विचारतात, “स्टेंट कधी टाकायचा?” त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: भिंतीतली सूज अजून धगधगते आहे का? ती चालू असताना धमनी फुगवली, तर ती पुन्हा आक्रसण्याची भीती जास्त. बहुतेकांना आधी स्टिरॉइड आणि मेथोट्रेक्सेटसारखी औषधं देऊन सूज शांत करायची असते. शिवाय अरुंदपणा हळूहळू येतो, तेव्हा शरीर आजूबाजूच्या लहान वाहिन्यांतून पर्यायी वाट काढतं. म्हणून नुसत्या टक्क्यांवरून निर्णय होत नाही.

सूज ओळखणं अवघड असतं, कारण ईएसआर, सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल असूनही आजार पुढे सरकू शकतो. त्यासाठी तेव्हा लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत असलेले डॉ. रामनाथ मिश्रा, वेल्लोरचे डॉ. देबाशिष दांडा आणि सहकाऱ्यांनी ‘इटास २०१०’ ही गुणपद्धती तयार केली. रुग्णाच्या नव्या तक्रारी, हरवलेली नाडी, वाढलेला दाब यांवर ती उभी आहे. खेड्यातल्या दवाखान्यातही ती वापरता येते, म्हणून मला ती मोलाची वाटते.

मुलीच्या आईने हळूच विचारलं होतं, लग्न होईल ना, मूल होईल ना? लग्नाला आडकाठी नाही. आजार शांत असेल, दाब आटोक्यात असेल, तर मूलही होऊ शकतं. मात्र मेथोट्रेक्सेट आधीच बंद करावं लागतं, म्हणून ते डॉक्टरांशी ठरवूनच. बरं वाटतंय म्हणून स्टिरॉइड एकाएकी सोडणं जिवावर बेतू शकतं.

माझी मागणी साधी आहे. तरुण मुलगी हात दुखतो, चक्कर येते म्हणाली, तर तिला अशक्तपणाची बाटली देऊन परत पाठवू नका. दोन्ही मनगटं हातात घ्या आणि दोन्ही दंडांत दाब मोजा. त्याला पाच मिनिटं लागतात, आणि त्यावर तिची पुढची सगळी वर्षं अवलंबून असू शकतात.