सायला कुठली, कुणाची?

9 फेब्रुवारी
उत्राणला मामांच्या बागेत. लिंबू आणि पेरू सोडून या गावात दुसरा विषय निघणं अवघडच. आंबिया बहाराची पालवी फुटलीय. कोवळ्या शेंड्याच्या बेचक्यात भिंग धरलं, तर नारिंगी-पिवळी अंडी आणि चपटी पिल्लं. पिल्लांच्या मागून मेणाच्या पांढऱ्या, वळलेल्या दोऱ्या लोंबतायत. प्रौढ कीड जेमतेम तीन मिलिमीटरची, तपकिरी. डोकं पानाला टेकवून मागची बाजू वर उचलून बसलेली. मामांनी वाकून विचारलं, "हाई काय शे रे भाचा? मावा?"
मावा नव्हे, सिट्रस सायला. डीएनए तपासणीसाठी काही प्रौढ 95 टक्के अल्कोहोलच्या कुप्यांत घातले. कुपीवर गाव, झाड, तारीख पेन्सिलीने लिहिली. शाई अल्कोहोलने पुसली जाते.

11 फेब्रुवारी
एरंडोल. वर्गात मुलांनी विचारलं, "सर, कीड एकच आहे ना, मग डीएनए कशाला?" प्रश्न रास्त आहे. दिसायला सगळ्या सारख्याच. पण मायटोकॉन्ड्रियातलं एक जनुक आईकडूनच पुढच्या पिढीत जातं. त्यातली अक्षरं जुळवली की कुळी कळते. जगभरच्या नमुन्यांवर 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आशियातल्या दोन मोठ्या कुळ्या दिसल्या, एक नैर्ऋत्येकडची आणि एक आग्नेयेकडची. अमेरिकेत तर उत्तर आणि दक्षिण खंडांतल्या सायला वेगवेगळ्या निघाल्या. म्हणजे कीड तिकडे एकदाच जाऊन पसरली नाही, निदान दोनदा गेली. फ्लोरिडात ती 1998 साली सापडली, 2005 मध्ये तिच्यामुळे पसरणारा ग्रीनिंग रोग दिसला, आणि पुढे तिथला संत्र्याचा धंदा बसला.

12 फेब्रुवारी
बागेला रात्रीची वीज. मामा पहाटेपर्यंत पाण्यावर. बाकी काही नाही.

15 फेब्रुवारी
आपल्याकडे ग्रीनिंग सायलामुळे पसरतो, हे कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी 1967 साली दाखवलं. काम पुण्यातलं, म्हणजे घरचंच. पण आपल्या बागायतदारांत त्याचं नाव निघत नाही. रोगाचं मूळ जिवाणू आहे, सायला त्याची वाहक. पिल्लू रोगट झाडाचा रस पितं, मोठं होऊन दुसऱ्या झाडावर बसतं, आणि जिवाणू त्याच्या अंगात जन्मभर राहतो.
मोसंबीवर ओळखायची खूण म्हणजे पानाच्या मधल्या शिरेच्या दोन बाजूंचे पिवळे डाग एकमेकांशी जुळत नाहीत. जस्ताची कमतरता असेल तर दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या दिसतात. तरी नुसत्या डोळ्यांवर विसंबू नये. खात्री पीसीआर तपासणीनेच होते, आणि नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचं तर हे कामच आहे.

19 फेब्रुवारी
मामांचा सवाल: "कुळी कळून माझ्या बागेचं काय भलं?"
उत्तर टॅमॅरिक्सिया रेडियाटा या इवल्या गांधीलमाशीत आहे. ती सायलाच्या पिल्लाखाली अंडं घालते, तिची अळी पिल्लाला खालून, बाहेरूनच चिकटून खाते, उरतं ते वाळलेलं तपकिरी कवच. 1922 साली तिचं वर्णन झालं ते पंजाबातल्या नमुन्यांवरून. 1978 मध्ये ती भारतातून रियुनियन बेटावर नेली आणि तिथे सायला आटोक्यात आली. कॅलिफोर्नियाने 2011 मध्ये पाकिस्तानी पंजाबातून आणली. कीड जिथली, तिचा वैरीही बहुधा तिथलाच. म्हणून कुळी शोधायची.
औषधाचंही तसंच. फ्लोरिडात आणि पाकिस्तानी पंजाबात काही ठिकाणच्या सायला नेहमीच्या औषधांना दाद देईनाशा झाल्या आहेत. आपल्याकडे दुकानात बाटलीचं नाव बदलतं, आतलं औषध तेच असतं, आणि आपण समजतो औषध बदललं. उलट बहार नसताना, उगाच मारलेल्या फवारणीत आधी मरते ती ही गांधीलमाशी.

22 फेब्रुवारी
मामींच्या परसातल्या कढीपत्त्यावरही तीच सायला, कोवळ्या शेंड्यांवर गर्दी करून. कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. 2009 साली कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला भारतातून आलेल्या पार्सलमधला कढीपत्ता तपासणीच्या कुत्र्याने हुंगून पकडला होता. त्यात सायला होत्या आणि त्यांच्या अंगात ग्रीनिंगचा जिवाणू. परदेशातल्या लेकीला पुडी पाठवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. आणि बाग असलेल्यांनी फवारणीच्या आधी बांधावरच्या कढीपत्त्याचे शेंडे बघावेत, आणि मोसंबीची कलमं घेताना डोळा कुठल्या झाडाचा, त्या झाडाची तपासणी झाली होती का, हे रोपवाटिकेत विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.